ड्रायव्हरने केलं, मग मालकाने का भरायचं?

मालाचा टेम्पो मागे घेताना ड्रायव्हरने शेडचा खांब पाडला. खांबाबरोबर पत्रे खाली आले आणि पत्र्यांखाली नवंकोरं मशीन चेपलं. ट्रान्सपोर्टरला फोन लावला की पलीकडून पहिलं वाक्य येतं, "साहेब, चूक ड्रायव्हरची आहे. त्याला आजच कामावरून काढतो." भोसरी, अंबड, बुटीबोरी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत हे ऐकायला मिळतं. ऐकणारा बरेचदा गप्प बसतो, कारण त्यालाही मनातून वाटतं की मालक बिचारा ऑफिसात होता, त्याचा काय दोष?

हे गप्प बसणं महागात पडतं. ड्रायव्हरची नोकरी गेली म्हणून मशीन दुरुस्त होत नाही, आणि तेवढी भरपाई त्या माणसाच्या खिशातून जन्मात निघणार नाही. कायद्याला हे फार पूर्वीच कळलेलं आहे. म्हणून त्याने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. मालकाचा दोष होता का, हे तो आधी विचारत नाही. तो विचारतो, हा माणूस त्या वेळी कुणाचं काम करत होता?

उत्तर 'कंपनीचं' असेल, तर स्वतः काहीही चूक केलेली नसतानाही कंपनीला भरावं लागतं. वकिलांच्या भाषेत याला 'व्हायकेरियस लायबिलिटी' म्हणतात. मराठीत परोक्ष दायित्व किंवा प्रातिनिधिक दायित्व असे शब्द आहेत. आपल्याकडे त्यासाठी एखादा स्वतंत्र कायदा नाही. इंग्लंडच्या न्यायालयांत निकालामागून निकाल लागत हे तत्त्व घडलं आणि आपल्या न्यायालयांनी ते उचललं, पुढे नेलं. त्यामुळे जुने इंग्रजी खटले टाळून हा विषय समजत नाही. सुदैवाने ते खटले अगदी आपल्या रस्त्यावरचे वाटावेत असे आहेत.

मनाई केली होती, तरीही

१८६२ सालचा लंडनचा खटला घ्या. घोडे ओढत असलेल्या बसगाड्यांचा तो काळ. लंडन जनरल ऑम्निबस कंपनीने आपल्या चालकांना छापील कार्डच दिलं होतं: दुसऱ्या कंपनीच्या गाडीशी शर्यत लावायची नाही, तिची वाट अडवायची नाही. तरीही एका चालकाने गाडी मुद्दाम आडवी घातली आणि प्रतिस्पर्ध्याची बस उलटली. नुकसान झालं ते दुसऱ्या व्यावसायिकाचं.

कंपनी म्हणाली, आम्ही तर लेखी मनाई केली होती! न्यायालयाने ते मानलं नाही. चालक कंपनीचीच गाडी हाकत होता, कंपनीसाठीच प्रवासी मिळवायला धडपडत होता. काम कंपनीचं होतं, त्याने ते वाईट रीतीने केलं, एवढंच. एखादं काम करूच नकोस असं सांगणं आणि ते काम अमुक रीतीने करू नकोस असं सांगणं, यांतला फरक या खटल्याने कायमचा आखून दिला. दुसऱ्या प्रकारची मनाई कंपनीला वाचवत नाही. आज कित्येक कंपन्या कामगारांकडून जाडजूड नियमावलीवर सह्या घेतात आणि आपण सुटलो असं समजतात. त्या सह्या कामगारावर कारवाई करताना उपयोगी पडतात. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर त्यांना फारशी किंमत नाही.

१९४२ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, आलेला खटला याहून बोलका आहे. उत्तर आयर्लंडमधल्या एका गॅरेजवर टँकरचा चालक जमिनीखालच्या टाकीत पेट्रोल सोडत होता. पेट्रोल वाहत असताना त्याने सिगारेट पेटवली आणि जळती काडी खाली टाकली. पुढे काय झालं असेल ते सांगायला नको. सिगारेट तो स्वतःसाठी ओढत होता, मालकासाठी नव्हे, असा बचाव झाला. न्यायालयाने म्हटलं, त्या क्षणी त्याचं काम पेट्रोल भरून देणं हे होतं, आणि ते सांभाळून करणं हा त्या कामाचाच भाग होता. मालकावर जबाबदारी आली. मला हा निकाल फार न्याय्य वाटतो. पेट्रोलपाशी कुणाला उभं करायचं हे गॅरेजवाला ठरवत नव्हता, टँकरची कंपनी ठरवत होती.

आपल्याकडे १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने नागपूरच्या एका प्रकरणात हीच दिशा घेतली. एका जिनिंग-प्रेसिंग कंपनीचा व्यवस्थापक कंपनीची गाडी घेऊन कामासाठी नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला. सोबत कंपनीशी संबंध नसलेले एक गृहस्थ होते. गाडी झाडावर आदळली आणि ते गृहस्थ गेले. 'त्यांना गाडीत घ्यायला आम्ही कुठे सांगितलं होतं,' हा कंपनीचा बचाव टिकला नाही. गाडी कंपनीची, चालवणारा कंपनीचा व्यवस्थापक, प्रवास कंपनीच्या कामाचा.

रेघ कुठे संपते

मग कंपनी सुटते कधी? माणूस कंपनीचा असला तरी जे केलं ते कंपनीचं काम नव्हतंच, असं दिसलं तर. १९०० सालच्या एका इंग्रजी खटल्यात मार्गाच्या शेवटी चालक नसताना बसच्या कंडक्टरने स्वतःच बस वळवायला घेतली आणि अपघात केला. कंडक्टरचं काम तिकिटांचं. गाडी चालवणं त्याच्या कामात बसतच नव्हतं. कंपनी सुटली.

याच रेघेवरचा भारतातला गाजलेला निकाल १९७८ सालचा, स्टेट बँकेचा. अलाहाबादच्या एका खातेदार बाईंच्या पतीने बँकेतल्या ओळखीच्या, शेजारी राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे चेक आणि रोकड खात्यात भरायला दिली. रीतसर पावती घेतली नाही. त्या माणसाने पैसे लाटले आणि पासबुकात खोट्या नोंदी केल्या. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पैसे दिले ते मित्र म्हणून, काउंटरवरचा अधिकृत कर्मचारी म्हणून नव्हे. बँक जबाबदार नाही.

हा निकाल ऐकताना त्या कुटुंबासाठी जीव तुटतो. पण व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने तो ध्यानात ठेवायला हवा. 'अरे, तू त्याच कंपनीत आहेस ना, मग तूच करून टाक' असं म्हणून आपण रोज कितीतरी व्यवहार उरकतो. आगाऊ रक्कम सेल्समनच्या वैयक्तिक खात्यावर पाठवतो, दुरुस्तीचे पैसे सर्व्हिस इंजिनिअरच्या फोनवर टाकतो. पावती न घेता दिलेला पैसा कंपनीला दिला की त्या माणसाला, हे ठरवण्याची वेळ येते तेव्हा आपल्या हातात काही नसतं.

फसवणूक केली आणि कंपनीला एक पैसाही मिळाला नाही, तेव्हा

निष्काळजीपणा समजण्यासारखा आहे. पण नोकराने जाणूनबुजून लबाडी केली, स्वतःसाठी केली, तरी मालकाने भरायचं? १९१२ सालापर्यंत अनेकांची समजूत होती की मालकाचा फायदा झाला असेल तरच त्याने भरायचं. लिव्हरपूलच्या एका सॉलिसिटर (वकिलांच्या) फर्मच्या खटल्याने ती मोडली. एक विधवा आपल्या दोन घरांच्या आणि गहाणखताच्या कामासाठी फर्ममध्ये आली. तिचं काम बघणाऱ्या मुख्य कारकुनाने विक्रीचे कागद म्हणून तिच्या सह्या घेतल्या आणि मालमत्ता स्वतःच्या नावावर फिरवली. फर्मला त्यातून दमडी मिळाली नाही. तरी हाऊस ऑफ लॉर्ड्सने फर्मला जबाबदार धरलं. त्या माणसाला त्या खुर्चीवर बसवलं कुणी? बाईने विश्वास ठेवला तो खुर्चीवर.

आपल्या १८७२ च्या करार कायद्यात हीच गोष्ट कलम २३७ आणि २३८ मध्ये येते. मुखत्याराला, म्हणजे मालकाच्या वतीने व्यवहार करणाऱ्याला, अधिकार आहेत असं दुसऱ्याला वाटावं अशी परिस्थिती मालकाने स्वतःच तयार केली असेल, तर मालक त्या व्यवहाराला बांधला जातो. आणि मुखत्याराने कामाच्या ओघात केलेली फसवणूक त्या करारापुरती मालकानेच केल्यासारखी धरली जाते. मात्र त्याच्या अधिकाराबाहेरच्या बाबतीत केलेली फसवणूक मालकाला चिकटत नाही.

खुर्चीवरच्या विश्वासाची किंमत किती मोठी होऊ शकते, हे २०१८ साली मुंबईतल्या फोर्ट भागात दिसलं. पंजाब नॅशनल बँकेची ब्रॅडी हाऊस शाखा. हिरे आयात करणाऱ्याला परदेशी विक्रेत्याचे पैसे चुकवायचे असतात. अशा वेळी त्याची बँक दुसऱ्या बँकेच्या परदेशातल्या शाखेला कळवत असे, 'याला कर्ज द्या, परतफेडीची हमी आमची.' या हमीला लेटर ऑफ अंडरटेकिंग म्हणत आणि ती स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवरून जाई. तपास यंत्रणांच्या आरोपानुसार शाखेतल्या एका उपव्यवस्थापकाने आणि त्याच्या साथीदाराने हिरे व्यापारी नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या कंपन्यांसाठी अशा हमी काहीही तारण न घेता पाठवल्या. बँकेच्या मुख्य संगणक प्रणालीत त्यांची नोंदच केली नाही. स्विफ्ट त्या प्रणालीला जोडलेलं नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागला नाही. तो अधिकारी २०१७ च्या मे अखेरीस निवृत्त झाला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच कंपन्या नव्या हमीसाठी आल्या. नव्या अधिकाऱ्याने शंभर टक्के रोख तारण मागितलं, तेव्हा 'आधी तर कधी लागलं नव्हतं' असं उत्तर मिळालं आणि सगळं उघडं पडलं. १४ फेब्रुवारीला बँकेने शेअर बाजाराला कळवलेला आकडा होता सुमारे ११,४०० कोटी रुपये. पुढे तो आणखी वाढला.

ज्यांनी पैसे दिले त्या बँका दुसऱ्याच होत्या: अलाहाबाद बँक, युनियन बँक, ॲक्सिस बँक, स्टेट बँक आणि इतर काहींच्या परदेशी शाखा. आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. एका कंपनीच्या माणसाने दुसऱ्या कंपन्यांना पैसे द्यायला लावले. तोटा सोसायचा कुणी?

सुरुवातीला पंजाब नॅशनल बँकेने या बँकांकडेही बोट दाखवलं. हिरे-मोत्यांच्या आयातीसाठी असं कर्ज रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमांनुसार ९० दिवसांचं असायचं आणि या हमी ३६५ दिवसांच्या होत्या. तुम्हाला संशय कसा आला नाही? हा युक्तिवाद पोकळ नव्हता. १८५६ पासून चालत आलेला कंपनी कायद्यातला एक नियम सांगतो की बाहेरच्याने कंपनीच्या आतले ठराव, सह्या, परवानग्या तपासत बसण्याची गरज नाही. आत सगळं रीतसर झालं आहे असं धरून चालण्याचा त्याला हक्क आहे. पण त्याच नियमाला अपवाद आहे. संशय यावा असं काही समोर दिसत असेल आणि तरी त्याने डोळेझाक केली असेल, तर हे संरक्षण जातं.

पण दुसऱ्या बाजूचं पारडं जड होतं. संदेश बँकेच्या खऱ्याखुऱ्या स्विफ्ट यंत्रणेतून, खऱ्या शाखेतून आले होते. परदेशातल्या अधिकाऱ्याने फोर्टच्या शाखेत येऊन नोंदवह्या बघायच्या होत्या का? असं बघायला लागलं तर बँकांमधला सगळा व्यवहार एका दिवसात थांबेल. शेवटी मार्च २०१८ अखेरीला पंजाब नॅशनल बँकेने साडेसहा हजार कोटींच्या आसपास रक्कम इतर बँकांना चुकती केली. त्या तिमाहीत बँकेला १३,४१७ कोटींचा तोटा झाला. रिझर्व्ह बँकेने १३ मार्चला या प्रकारच्या हमीच बंद केल्या आणि स्विफ्ट मुख्य प्रणालीला जोडायला सगळ्या बँकांना मुदत घालून दिली.

माझ्या मते यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की माणूस निवडणं, त्याला वर्षानुवर्षं एकाच टेबलावर ठेवणं, त्याच्या हातात पासवर्ड देणं आणि यंत्रणा जोडायची की नाही हे ठरवणं, हे सगळं एकाच पक्षाच्या हातात होतं. ज्याला थांबवता आलं असतं त्यानेच भरावं, यात मला अन्याय दिसत नाही.

कागदावरची एक ओळ सगळं फिरवते

इथवर वाचून कुणाला वाटेल, मग नुकसान झालं की भरपाई मिळालीच. थांबा. दोन व्यवसायांमध्ये बहुधा करार असतो, आणि करारातली बारीक अक्षरं हे सगळं उलटवू शकतात.

इंग्लंडमधल्या एका कारखान्याने रात्रीच्या गस्तीसाठी सिक्युरिकॉर कंपनीची सेवा घेतली होती. १९७० मध्ये गस्तीवर आलेल्या पहारेकऱ्याने कारखान्यात स्वतःच आग लावली. थोडीशीच लावायची होती म्हणे, पण कारखाना जळाला. नुकसान सहा लाख पौंडांच्या वर गेलं. राखणदारानेच घर जाळलं, मग त्याच्या कंपनीने भरायचं यात शंका कसली? खालच्या अपील न्यायालयालाही तसंच वाटलं. पण १९८० साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने सिक्युरिकॉरला सोडलं. करारात लिहिलं होतं की वाजवी काळजी घेऊन कंपनीला टाळता आलं नसतं अशा कर्मचाऱ्याच्या कृत्याला कंपनी जबाबदार नाही. त्या माणसाला नेमताना कंपनीने हयगय केल्याचा पुरावा नव्हता. न्यायाधीशांनी आणखी एक गोष्ट पाहिली: सेवेचा दर आठवड्याला नऊ पौंडांपेक्षाही कमी होता. एवढ्या पैशात अख्ख्या कारखान्याचा धोका दुसऱ्याने उचलावा अशी अपेक्षा कशी ठेवायची? आगीचा विमा कारखान्याने काढायचा असतो.

आपल्याकडे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निटिंग कंपनीच्या प्रकरणात अशीच भूमिका घेतली. तिने जर्मनीला कुरिअरने पाठवलेली कागदपत्रं पोचली नाहीत, गिऱ्हाइकाने पैसे कापले. कुरिअरच्या पावतीवर भरपाईची मर्यादा होती १०० डॉलर. सही केलेली होती. तेवढेच मिळाले.

म्हणून सुरक्षा एजन्सी, हाऊसकीपिंग, कुरिअर, गोदाम, सॉफ्टवेअर, कुणाशीही करार करताना 'जबाबदारीची मर्यादा' हा परिच्छेद सगळ्यात आधी वाचा. दर स्वस्त असेल तर धोका कुठेतरी सरकवलेला असतो आणि बहुतेक वेळा तो तुमच्याकडे सरकवलेला असतो. विम्याबाबतही एक गैरसमज दिसतो. फिडेलिटी गॅरंटीची पॉलिसी तुमच्या माणसाने तुम्हालाच लुबाडलं तर कामाला येते. तुमच्या माणसाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर पब्लिक लायबिलिटीची पॉलिसी लागते.

किती मिळणार

आणखी एक कडू गोष्ट. रस्ता खोदताना जेसीबीने केबल तोडली आणि दिवसभर वीज गेली. असं आपल्याकडे होत नाही असं शहर नाही. मग बंद पडलेल्या उत्पादनाची भरपाई कंत्राटदाराकडून मिळेल का?

इंग्लंडमधल्या १९७२ च्या स्पार्टन स्टील खटल्यात हेच झालं होतं. कंत्राटदाराच्या माणसांनी केबल तोडली, कारखान्याची वीज साडेचौदा तास गेली. भट्टीत वितळत असलेला धातू खराब झाला, त्याचे ३६८ पौंड मिळाले. तो धातू विकून मिळाला असता तो ४०० पौंडांचा नफाही मिळाला. पण त्या वेळात आणखी चार वेळा भट्टी लागली असती, तिचा १,७६७ पौंडांचा नफा मिळाला नाही. वस्तूचं प्रत्यक्ष नुकसान आणि त्यातून थेट उद्भवलेला तोटा मिळतो. नुसता बुडालेला धंदा मात्र निष्काळजीपणाच्या दाव्यात सहसा मिळत नाही. न्यायालयाला भीती ही होती, की एका केबलमागे सगळी वसाहत दावा घेऊन उभी राहील. हे तर्कशुद्ध असेल, पण ज्याची दिवसाची पाळी बुडाली त्याला ते पटणं कठीण आहे. तुमच्या आणि समोरच्याच्या मध्ये करार असेल तर गणित बदलतं. म्हणून बंद पडलेल्या कामाची भरपाई करारात लिहून घेतलेली बरी.

माणूस कुणाचा?

ऑपरेटरसह भाड्याने आणलेल्या हायड्राने (फिरत्या क्रेनने) शेजारच्याची भिंत पाडली. आता ऑपरेटर कुणाचा धरायचा, हायड्राच्या मालकाचा की भाड्याने आणणाऱ्याचा? लिव्हरपूलच्या गोदीतल्या अशाच क्रेनवर १९४६ साली निकाल आला. भाड्याच्या करारात 'चालक भाडेकरूचा नोकर समजला जाईल' असं लिहूनही न्यायालयाने जबाबदारी मूळ मालकावर ठेवली, कारण क्रेन कशी चालवायची हे त्याला दुसरं कुणी सांगत नव्हतं. पगार कोण देतं, काढून कोण टाकू शकतं आणि विशेष म्हणजे काम कसं करायचं हे कोण सांगतं, हे बघितलं जातं. तुम्ही ऑपरेटरला 'इकडे घे, तिकडे उचल' असं प्रत्येक हालचालीला सांगत असाल, तर मात्र जबाबदारी तुमच्याकडे झुकू लागते.

फौजदारी बाजू थोडक्यात. कंपनीला तुरुंगात टाकता येत नाही म्हणून तिच्यावर फसवणुकीचा खटलाच होऊ शकत नाही, असा युक्तिवाद पूर्वी होई. इरिडियम इंडिया कंपनीने मोटोरोलावर पुण्याच्या न्यायालयात फसवणुकीची तक्रार केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पुन्हा उभी केली. कंपनीचा कारभार ज्यांच्या हातात आहे त्यांचा हेतू हा कंपनीचा हेतू धरता येतो, असं तिथे ठरलं. गुन्हा झाला की नाही, हा पुढचा प्रश्न. मात्र साध्या कामगाराचा वाईट हेतू असा कंपनीला चिकटत नाही.

कंपनीने भरपाई दिल्यावर ती कामगाराकडून वसूल करता येते का? तत्त्वतः हो. पण पगारातून मनाला येईल तसं कापता येत नाही. सोपवलेल्या मालाचं नुकसान त्याच्या हयगयीमुळे झालं असेल आणि त्याला बाजू मांडायची संधी दिली असेल, तरच कपात करता येते. गरीब माणसाच्या पगारावर हात घालून मालकाने आपला धोका खाली सरकवू नये, असा त्यामागचा विचार आहे.

आता पुन्हा त्या पडलेल्या खांबापाशी. पत्रे उचलायच्या आधी फोटो काढा, गाडीचा नंबर स्पष्ट दिसेल असे. गेटवरच्या रजिस्टरमधली नोंद आणि डिलिव्हरी चलानची प्रत बाजूला काढा, कारण गाडी त्या दिवशी कुणाच्या कामाने आली होती याचा तोच पुरावा आहे. चलानवर शेरा लिहून ड्रायव्हरची सही घ्या. नुकसान मोठं असेल तर पोलीस पंचनामा आणि नुकसानीचा अंदाज काढणाऱ्या सर्व्हेअरचा अहवाल. मग पत्र लिहा, आणि ते ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नावाने लिहा, ड्रायव्हरच्या नाही: 'अमुक तारखेला अमुक चलानवरचा माल उतरवताना आपल्या चालकाने आपली गाडी मागे घेतली, त्यात आमचं पुढील नुकसान झालं.' दिवाणी न्यायालयात अशा दाव्याला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. पण पत्र त्याच आठवड्यात जाऊ द्या. ड्रायव्हरला खरंच काढून टाकलं असेल, तर नंतर साक्षीला तोही सापडत नाही.